कप की रेलिगेशन? आधी क्लब तर उरू द्या

दर मे महिन्यात फुटबॉलच्या ग्रुपांवर हा प्रश्न फिरून येतोच. तुमच्या टीमला कप मिळणार, पण त्याच वर्षी ती खालच्या डिव्हिजनला जाणार, म्हणजे रेलिगेट होणार. चालेल का? मग पोल, मग वादावादी, मग कोणीतरी ग्रुप सोडून जातो. यंदा मला तिघांनी टॅग केलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं उत्तर सरळ आहे: चालेल. डोळे झाकून चालेल. अट एकच, आणि ती पुढे सांगतो, कारण अट आधी सांगितली की लोक तेवढंच वाचून भांडायला येतात.

मुळात इथे कल्पना लढवायची गरजच नाही. विगन अ‍ॅथलेटिकने हा प्रयोग एका आठवड्यात करून दाखवलाय. ११ मे २०१३, वेम्बली, एफए कप या इंग्लंडच्या नॉकआउट स्पर्धेची फायनल. समोर मँचेस्टर सिटी, म्हणजे आदल्या वर्षीचे लीग चॅम्पियन. विगन हे कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांवर वाढलेलं गाव, तिथला खरा जीव रग्बी लीगमध्ये. या फुटबॉल क्लबला फुटबॉल लीगमध्ये प्रवेशच मिळाला तो १९७८ साली. तर फायनल गोलशून्य चाललेली. ८४व्या मिनिटाला सिटीचा झाबालेता दुसरं यलो खाऊन बाहेर. ९१व्या मिनिटाला विगनला कॉर्नर. शॉन मलोनीने बॉल जवळच्या पोस्टवर टाकला आणि बेन वॉटसनने तो डोक्याने मागे वळवून आत घातला. हा वॉटसन नोव्हेंबरमध्ये पाय मोडून घरी बसला होता आणि फायनलला बेंचवरून येऊन त्याला जेमतेम दहा मिनिटं झाली होती. वर बॉक्समध्ये बसलेले मालक डेव्ह व्हीलन. त्यांचा स्वतःचा पाय १९६०च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळताना मोडला होता. सिनेमात असं दाखवलं तर आपण म्हणू की जरा अतीच झालं.

तीन दिवसांनी, मंगळवारी, आर्सेनलने त्यांना ४-१ हाणलं आणि विगन प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून, खाली गेले. एफए कप जिंकून त्याच मोसमात रेलिगेट झालेला इतिहासातला पहिला क्लब.

पुढचं काही गोड नाही. युरोपा लीग खेळले खरे, पण दोन वर्षांत तिसऱ्या पातळीवर घसरले. वर आले, परत खाली गेले, परत वर. २०२० साली क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, १२ गुण कापले. त्याच मोसमात त्यांनी हलला ८-० हरवलं आणि तरीही ते खाली गेले! हे सगळं मान्य. पण आता मला सांगा, प्रीमियर लीगमधल्या त्यांच्या आठ वर्षांपैकी कुठल्या वर्षी ते कितवे आले होते, हे कुणाला आठवतं? बहुतेक वर्षी एप्रिलमध्ये मरता मरता वाचायचे, एवढंच. लोकांच्या डोक्यात राहिलेल्या गोष्टी दोनच: टॉटनहॅमकडून खाल्लेले ९ गोल आणि वॉटसनचं ते हेडर. त्या कपाच्या बदल्यात अजून चार वर्षं सतरावा नंबर (वीस संघांत वाचणाऱ्यांतला शेवटचा) मिळत असता तर त्या गावातल्या किती जणांनी घेतला असता?

जर्मनीत कायझर्सलाउटर्नचं याच्या उलट क्रमाने झालं. १९९६ साली शेवटच्या दिवशी लेव्हरकुझनमध्ये १-१ आणि रेलिगेशन. अँड्रियास ब्रेमे, ज्याच्या पेनल्टीवर जर्मनीने १९९०चा वर्ल्ड कप जिंकला, तो प्रतिस्पर्धी संघातल्या रुडी फोलरच्या गळ्यात पडून रडला. आठवड्याभराने याच संघाने जर्मन कप जिंकला. १९९७ला वर आले आणि १९९८ला थेट बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन लीगचे चॅम्पियन. हे उदाहरण लोक माझ्या बाजूने देतात, पण मी ते घेत नाही. असं एकाचंच होतं. बाकीच्यांनी त्या भरवशावर खाली जाऊ नये.

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र एव्हर्टनवाला आहे (असतात अशीही माणसं). १९९५च्या एफए कपनंतर त्यांना मोठं काहीही मिळालेलं नाही, पण १९५४पासून ते वरच्या डिव्हिजनमधून हललेलेही नाहीत. २८ मे २०२३ हा त्याचा दिवस. शेवटची मॅच, एव्हर्टनचं घरचं मैदान गुडिसन पार्क, ५७व्या मिनिटाला दुकुरेने बॉक्सबाहेरून हाणलेला गोल, १-० आणि एव्हर्टन वाचले. त्याच वेळी लेस्टर वेस्ट हॅमला २-१ हरवूनही गेले. एकीकडे २०१६ची लीग आणि २०२१चा एफए कप जिंकलेला क्लब खाली चाललाय, आणि दुसरीकडे जवळपास तीस वर्षं रिकाम्या हाताने बसलेला क्लब सतरावा आला म्हणून लोक मैदानावर धावत सुटलेत. मित्राचा त्या रात्री फोन आला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

त्याचं म्हणणं असं: "कपाची मजा एक संध्याकाळ. रेलिगेशनचं दुखणं वर्षभर. आणि ते तुला-मला नाही रे, तिकीट खिडकीवरच्या बाईला, किचनमधल्या पोराला." यातला दुसरा भाग मी निमूट मान्य करतो. खेळाडूंचं फारसं अडत नाही, चांगले असतील त्यांना दुसरा क्लब घेतो. टीव्हीचा पैसा आटला की ऑफिसातली, दुकानातली, अकॅडमीतली माणसं पहिली जातात. एव्हर्टन तर तेव्हा नवीन स्टेडियम बांधत होते. त्या वर्षी ते गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार मलाही करवत नाही.

पण पहिला भाग मान्य नाही. लेस्टरच्या माणसाला विचारा ना. त्यांनी एफए कपच्या चार फायनल हरल्या होत्या: १९४९, १९६१, १९६३, १९६९. पाचव्या फायनलला टीलेमान्सने २५ यार्डांवरून चेल्सीच्या जाळ्यात बॉल ठेवला. ज्याचे आजोबा १९४९ला हरून परतले होते, त्याच्यासाठी ती एक संध्याकाळ होती का? २०२३ला लेस्टर गेले, २०२४ला वर आले, २०२५ला परत गेले. संताप आहेच, मालकांवर, खेळाडूंवर, सगळ्यांवर. पण "२०१६ परत घ्या आणि आम्हाला वर ठेवा" असं म्हणणारा लेस्टरवाला मला अजून भेटायचाय.

आणि आपण लांबून बघणारे. आपलं दुःख किती, तर मॅच टीव्हीवर लागत नाही एवढंच. चॅम्पियनशिपची, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनची, मॅच शोधत रात्री कुठल्या तरी लिंकवर पॉप-अप बंद करत बसायचं. ते दुःख आहे, नाही म्हणत नाही, पण बर्मिंगहॅमच्या पावसात मंगळवारी रात्री स्टँडमध्ये उभं राहणाऱ्यासमोर ते बोलून दाखवू नये. बर्मिंगहॅम सिटीनेही २०११ला लीग कपच्या फायनलमध्ये आर्सेनलला हरवलं आणि तीन महिन्यांत खाली गेले. वर कहर म्हणजे त्यांचा मॅनेजर मॅकलीश सोडून गेला तो थेट शेजारच्या अ‍ॅस्टन व्हिलाकडे. हे मात्र कुठल्याही कपाने भरून येत नसावं.

कप रेलिगेशनला पुसून टाकतो, असंही मी म्हणत नाही. अर्जेंटिनात बघा. रिव्हर प्लेट २०११ला इतिहासात पहिल्यांदा खाली गेले. बोका ज्युनियर्सवाले तेव्हापासून पांढऱ्या चादरी पांघरून, त्यावर मोठा 'बी' (म्हणजे दुसरी डिव्हिजन) काढून, भुतं बनून स्टेडियममध्ये येतात. मग २०१८ला लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या कपच्या, फायनलला हेच दोघे आमनेसामने आले. दंग्यामुळे त्या फायनलची दुसरी मॅच पार माद्रिदला हलवावी लागली आणि रिव्हरने तिथे ३-१ मारलं. आता एक जण 'बी' म्हणतो, दुसरा 'माद्रिद' म्हणतो. दोघांचंही खरं आहे, आणि दोघेही मरेपर्यंत बोलणार आहेत.

मालकांचा हिशोब मात्र वेगळा असतो. टॉटनहॅमने मे २०२५मध्ये बिलबाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली. २००८नंतरचा पहिला कप. लीगमध्ये सतरावे, २२ पराभव. सोळा दिवसांत मॅनेजर पोस्टेकोग्लूंना नारळ.

आता माझी अट. खाली गेल्यावर क्लब उरला पाहिजे.

इंग्लंडमध्ये तो बहुतेक वेळा उरतो. खाली गेलेल्याला काही वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मिळत राहतो, खालच्या लीगलाही गर्दी असते. पोर्ट्समथने २००८ला ऐपतीबाहेर खर्च करून एफए कप जिंकला, मग पैसे संपले आणि ते चौथ्या पातळीपर्यंत घरंगळले. २०१३ला चाहत्यांनी वर्गणी काढून क्लब विकत घेतला. २०२४ला ते चॅम्पियनशिपमध्ये परत आलेसुद्धा. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, हे तिथले पेठांचे, तालमींचे फुटबॉल संघ. टीम घसरली तर पेठेत चार दिवस कोणी कोणाशी बोलणार नाही, पण तालीम कुठे जाणार? ती तिथेच आहे.

आणि आपली व्यावसायिक लीग? २०१३-१४च्या मोसमात कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने ड्युरंड कप जिंकला आणि आय-लीगमधून (तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग) खाली गेले. त्याच मोसमात गतविजेते, गोव्याचे चर्चिल ब्रदर्स लीगमध्ये तळाशी गटांगळ्या खात होते, आणि मध्येच जानेवारीत कोचीला स्पोर्टिंग गोव्याला हरवून फेडरेशन कप घेऊन आले. पुढच्या मोसमात लायसन्सच्या निकषांवर बोट ठेवून त्यांना लीगबाहेर काढलं. म्हणजे जे विगनचं जगभर कौतुक झालं, ते आपल्याकडे एकाच मोसमात जवळजवळ दोनदा घडलं. दखल कोणी घेतली?

गोव्याच्याच डेम्पोचं तर ऐकाच. पाच वेळा देशाचे चॅम्पियन. २०१४-१५ला आय-लीगमध्ये शेवटून दुसरे आले. शेवटचा होता आमच्या पुण्याचा भारत एफसी. पण भारत एफसी नवीन कॉर्पोरेट संघ म्हणून त्यांना रेलिगेशन माफ. खाली गेले डेम्पो. आणि वाचलेला भारत एफसी? तोच मोसम संपला आणि क्लब बंद. डेम्पो पुढच्या वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर आले, पण तोवर इंडियन सुपर लीग (आयएसएल) येऊन आय-लीगलाच दुय्यम ठरवायची तयारी झाली होती. साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचेच क्लब बाहेर पडले, मागोमाग डेम्पोही. मैदानावर कमावलेली जागा कागदावर गेली. त्यांना आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं.

मी पुण्याचा. बालेवाडीला मॅच बघायला जायचो. स्टेडियम एवढं मोठं आणि माणसं एवढी थोडी, की समोरच्या स्टँडमधून कोणी कोचला घातलेली शिवी या बाजूला स्वच्छ ऐकू यायची. पुणे एफसी २०१२-१३ला दुसरे आले, चर्चिलच्या मागे. २०१५ला बंद. भारत एफसीचं वर सांगितलंच. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळले आणि गेले. एफसी पुणे सिटी २०१८ला आयएसएलच्या सेमीफायनलला पोचले, तेव्हा वाटलं आता काहीतरी होतंय. २०१९ला क्लब संपला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ला आयएसएल जिंकली, २०२३-२४ला अवघ्या ८ गुणांवर तळाला आले, पण रेलिगेशन नसल्यामुळे काहीच झालं नाही. २०२५ला तेही गुंडाळून दिल्लीला हलवलं. तिथे आता नाव वेगळं, रंग वेगळे.

पुण्यातले चार क्लब गेले. रेलिगेट त्यातला एकही झाला नाही. देशातली एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही, आणि रडायला एखादा धड शेवटचा दिवसही मिळाला नाही. एका प्रेस नोटवर विषय संपला. माझ्या कपाटात एक नारिंगी जर्सी पडून आहे, ती घालून जायचं कुठे?

म्हणून कोणी म्हणालं की रेलिगेशनपेक्षा वाईट काही नाही, तर माझं डोकं सटकतं. आयएसएलमध्ये रेलिगेशन असलंच पाहिजे, "क्लबांना स्थैर्य हवं" हे कारण मला पटत नाही. रेलिगेट न होणाऱ्या क्लबांचं हे स्थैर्य आम्ही पुण्यात चारदा बघितलंय. पुण्यात उद्या कोणी पेठांमधून, वर्गणीतून क्लब काढला, तो दहा वर्षांत एक कप जिंकून त्याच मोसमात खाली गेला, तर मी पुढच्या मोसमाचं तिकीट त्याच आठवड्यात काढेन.

कमेंटमध्ये सगळ्यांचं स्वागत. एव्हर्टनवाल्या मित्राला टॅग केलंय, तो भांडेलच. युनायटेडवाल्यांनीही यावं, पण "मोठे क्लब खाली जात नसतात" हे लिहायच्या आधी १९७४ साली काय झालं ते शोधून या. युरोपियन कप जिंकून तेव्हा सहाच वर्षं झाली होती.