‘व्हिडिओवाले आमचं जाळं फुकट वापरतात’ हे खरं नाही

दूरसंचार कंपन्यांची संघटना सीओएआय गेली काही वर्षं एक मागणी लावून धरते आहे, आणि तिचं सोपं रूप व्हॉट्सॲपवर फिरतं. यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम जाळ्यावर एवढा भार टाकतात आणि एक पैसाही देत नाहीत, तर त्यांनी कंपन्यांना ‘वाजवी वाटा’ द्यावा. फोन कॉलसाठी कंपन्या एकमेकींना पैसे देतातच. वाटा मिळाला की आपला रिचार्ज स्वस्त होईल, नेट सुधारेल. दक्षिण कोरियात तर हे चालूच आहे, असंही वर सांगितलं जातं.

मी जिल्ह्याच्या गावी एका छोट्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. यातला एकेक मुद्दा माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून लिहितो.

‘ते जाळं फुकट वापरतात.’ रात्री नऊला कुणी सामन्याचे हायलाइट्स लावतो, तेव्हा ते त्याच्या घरात कुणी ढकललेले नसतात. त्याने ते मागवलेले असतात, आणि ज्या कनेक्शनवरून मागवले त्याचे पैसे त्याने आम्हाला आधीच दिलेले असतात. त्याच डेटाचे पैसे पलीकडून पुन्हा घ्यायचे, तर एका पार्सलचं भाडं दोघांकडून वसूल केल्यासारखं होईल.

शिवाय व्हिडिओवाले माल आमच्या दारापर्यंत स्वतःच्या खर्चाने आणतात. नेटफ्लिक्स 2012 पासून आणि गुगल त्याच्याही आधीपासून, पुरेशी रहदारी असलेल्या इंटरनेट कंपन्यांना आपले कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंची प्रत ग्राहकाजवळच साठवून ठेवणारी यंत्रं, विनामूल्य देत आले आहेत. रॅकमधली जागा आणि वीज तेवढी आपली. आमच्याकडे कॅशे नव्हता तेव्हा शंभर घरांनी एकच एपिसोड पाहिला, तर तो मुंबईहून शंभर वेळा यायचा, तोही अपस्ट्रीमकडून, म्हणजे आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून, विकत घेतलेल्या बँडविड्थवरून. कॅशे लागला आणि तो एकदाच येऊ लागला. नव्या मालिकेचे भाग तर पहाटे, लाइन रिकामी असताना, भरून घेतले जातात. आमचं अपस्ट्रीमचं बिल त्यामुळे उतरलं आणि संध्याकाळी बफरिंगच्या तक्रारींचे फोन जवळजवळ थांबले. ज्याच्यामुळे माझा खर्च कमी झाला, त्याच्याकडून मी भाडं कोणत्या तोंडाने मागू?

‘त्यांच्या भाराने जाळं कोलमडतं.’ टॉवर, फायबर, स्पेक्ट्रम यांचा खर्च प्रचंड आहे, हे मान्य. 2022 च्या स्पेक्ट्रम लिलावातच कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. पण व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष नेहमी या महागड्या भागात नसतो. अमेरिकेत 2013 च्या अखेरीपासून कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचा नेटफ्लिक्सचा वेग घसरत गेला. फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टला थेट जोडणीचे पैसे देण्याचा करार केला आणि काही आठवड्यांत वेग परत आला. एवढ्या दिवसांत घराघरांतल्या तारा बदलून होत नाहीत. तुंबली होती ती दोन जाळ्यांमधली जोडणी, म्हणजे आमच्या भाषेत पोर्ट. भरलेल्या पोर्टशेजारी दुसरा पोर्ट लावायला टॉवर उभारण्याइतका पैसा लागत नाही. तो लावायचा की नाही, हा निर्णय असतो, आणि ताणून धरला की ग्राहकच होरपळतो.

‘फोन कॉलसाठी कंपन्या एकमेकींना पैसे देतात.’ देत होत्या. मिनिटाला 14 पैसे असलेला हा आकार दूरसंचार नियामक ट्रायने 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैशांवर आणला आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य केला. म्हणजे ज्या पद्धतीचा दाखला दिला जातो ती आपल्याकडे मोडीत निघाली आहे. आणि ती होती तेव्हाही पैसे फोन लावणाऱ्याची कंपनी द्यायची. इथे ‘फोन लावतो’ तो व्हिडिओ मागवणारा ग्राहक. त्या न्यायाने तर पैसे आम्हीच द्यायला हवेत!

इंटरनेटवरच्या जाळ्यांची आपसांतली पद्धत मुळात वेगळी आहे. दोघे मिळून जोडणी करतात, आपापल्या ग्राहकांची रहदारी एकमेकांना देतात, पैसे कुणी कुणाला देत नाही. हे पीअरिंग. पॅकेट क्लिअरिंग हाउस या इंटरनेट जोडण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये अशा 19 लाखांहून अधिक जोडण्यांची माहिती गोळा केली, तेव्हा लेखी करार असलेल्या जोडण्या 0.07 टक्के निघाल्या. बाकी सगळं शब्दावर.

‘रिचार्ज स्वस्त होईल.’ किती रुपयांनी, याचा आकडा त्या मेसेजमध्ये नसतो. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. आमच्यासारख्या छोट्यांना तर गुगलशी वाटाघाटीला बसवणारही कोणी नाही. वाटा मिळालाच तर तो मोठ्यांनाच.

‘कोरियात हे चालतं.’ याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. 2016 पासून तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांना आपसांत पाठवलेल्या डेटाच्या प्रमाणात पैसे देणं भाग पडलं. परिणाम उफराटा झाला. ज्या कंपनीने लोकप्रिय सेवेचा कॅशे आपल्याकडे ठेवला, तिच्याकडूनच डेटा जास्त बाहेर जाणार, म्हणून भुर्दंड तिलाच. फेसबुकचा कॅशे केटी या तिथल्या इंटरनेट कंपनीकडे होता. पैशांवरून घासाघीस सुरू झाली आणि 2016 च्या अखेरीपासून फेसबुकने एसके ब्रॉडबँड, मग एलजी यूप्लस या इतर इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांची रहदारी देशाबाहेरून फिरवली. शेजारच्या इमारतीतून येणारं पान समुद्र ओलांडून येऊ लागलं. मार्च 2018 मध्ये नियामकाने फेसबुकला 39 कोटी 60 लाख वॉनचा दंड केला. 2019 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

जाळ्याच्या वापराच्या पैशांवरून नेटफ्लिक्स 2021 मध्ये सोलच्या न्यायालयात एसके ब्रॉडबँडविरुद्ध हरली, हे खरं आहे, आणि समर्थक तेवढंच सांगतात. सप्टेंबर 2023 मध्ये दोघांनी समझोता करून खटले मागे घेतले, ते मात्र गाळतात.

ट्विचची गोष्ट तर त्या मेसेजमध्ये कधीच नसते. गेम खेळताना थेट प्रक्षेपण करणाऱ्यांची ही सेवा. सप्टेंबर 2022 मध्ये तिने कोरियात चित्राचा दर्जा 720 पी पर्यंत खाली आणला. मग तिथे नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या 10 पट येतो, असं जाहीर करून 27 फेब्रुवारी 2024 रोजी तिने तिथला कारभार बंद केला. ज्यांची कमाई त्या प्रक्षेपणावर होती, त्या कोरियन मुलांना आपला प्रेक्षकवर्ग दुसरीकडे नव्याने जमवावा लागला.