मिनिमम भाड्यातली पाणंद

भांडुप स्टेशनपासून आमचं घर चालत वीस मिनिटांवर. इतकं जवळचं भाडं सांगितलं की रिक्षावाले असं बघतात, जणू आपण उसने पैसेच मागायला आलोय. मग चालायचं. तेही चालणं कसलं? अर्ध्या फुटपाथवर वडापावची गाडी, पाव फुटपाथवर मोबाइलची कव्हरं आणि उरलेल्यावर खोदकाम. रस्त्यावर उतरावं तर बसचा आरसा कानाशी येऊन हितगुज करतो.

निम्म्या वाटेत चिरंजीव म्हणतात, "बाबा, पाय दुखतात." झालं, माझ्यातला कीर्तनकार कमरेला उपरणं बांधतो. "अरे, आम्ही तुझ्याएवढे असताना मामाच्या गावाला..."

मामाचं गाव संगमेश्वरच्या पुढे. परळहून रात्रीची एसटी, पहाटे फाट्यावर उतरायचं आणि तिथून मामाच्या अंगणापर्यंत पाणंद. मुलगा बालवाडीत होता तेव्हा ही पाणंद दोन किलोमीटर होती. तिसरीत गेला तेव्हा तीन. आता तो सातवीत आहे आणि पाणंदीला चार किलोमीटर नि एक घाट झालाय. गेल्या गणपतीत तर मी तिथे बिबट्याही सोडला. खरं तर बिबटे आमच्या भांडुपलाच जास्त, नॅशनल पार्क कुंपणाला लागून आहे. पण पोराला ते सुचलं नाही, देवाची कृपा. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. माझी गोष्टही दरवर्षी हवा खाऊन टणक झाली होती.

बाकी पाणंद मात्र खरीच. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वरून काजूच्या फांद्या, पायाखाली घोट्यापर्यंत तांबडा फुफाटा. पांढरा सदरा घालून निघालेला मुलगा मामाकडे पोचेपर्यंत विटकरी व्हायचा. काजूच्या बोंडाचा रस सदऱ्यावर सांडला की तो डाग सदऱ्याच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकायचा. पुढे त्या सदऱ्याचं फडकं झालं तरी डाग तसाच. गडग्याला लागून करवंदाच्या जाळ्या. करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक, तो ओठांना लागला की बोलताना तोंड चिकटायचं. (आईच्या मते सुट्टीतला तेवढाच शांत वेळ.) आणि खेळ एकच: करवंद फोडण्याआधी सांगायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने पिशवी उचलायची. देवरहाटीपाशी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानापाशी, आलो की मामी डोक्यावर पदर घ्यायची, आणि आम्ही उगाचच करवंदं खिशात लपवायचो.

तर परवा जेवताना मी घाट चढत असतानाच चिरंजीवांनी मोबाइल काढला. पाणंद आता डांबरी झालीय, म्हणून नकाशात सापडली. फाट्यावर एक बोट, मामाच्या कौलांवर दुसरं.

"एक किलोमीटर तीनशे मीटर. चालत सतरा मिनिटं."

घरात शांतता. स्टेशनपासून आमचं घर याहून लांब! पोरगं हिशेबात पक्कं. "बाबा, रिक्षाचं मिनिमम भाडं दीड किलोमीटरला ना? म्हणजे सव्वीस रुपयांत तुमची पाणंद संपून वर दोनशे मीटर उरतात."

मी आईकडे बघितलं. आई लसूण सोलत होती. साक्षीदार आपला आहे, या भ्रमात मी होतो. ती म्हणाली, "त्यातलंही निम्मं हा मामाच्या खांद्यावरून यायचा. साकवाजवळ पोचला की फतकल मारायचा नि भोकाड पसरायचा, एसटी अंगणापर्यंत का येत नाही म्हणून."

बायको पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनवरून निघालो. तीन रिक्षांनी नकार दिला, चौथ्याने नुसतीच मान फिरवली. कीर्तन बंद असल्यामुळे रस्ता फारच लांब वाटत होता. पुलाखाली एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. वीस रुपयांचा एक द्रोण घेतला. पोराच्या एका हातात शाळेची पिशवी, माझ्या हातात पाच किलो तांदूळ. त्याला खेळ समजावला, हरला तर तांदूळही त्याच्याकडे.

"कोंबडा," मी अनुभवी आवाजात म्हणालो.

कोंबडी निघाली. शाळेची पिशवीही माझ्या खांद्यावर आली.