‘फिकट आणि कच्ची डाळिंबं’ या रिव्ह्यूला आमच्या बागेकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. जानेवारीत नेलेल्या पेटीतले दाणे लालभडक होते, या ऑगस्टच्या पेटीतले फिकट गुलाबी निघाले. सालीवर तपकिरी डाग होते, दोन फळं आंबट लागली, आणि आठ दिवस घरात ठेवूनही ती पिकली नाहीत. ‘दर चांगला मिळतो म्हणून कच्चंच तोडतात’ असंही तुम्ही लिहिलंय. ते वाचून सांगलीतली आणखी दोघं-तिघं फोन करून विचारायला लागली, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी त्या आठ दिवसांचं. डाळिंब आंब्यासारखं आढीत पिकत नाही. देठाला कात्री लागली की गोडी जिथं आहे तिथंच थांबते. घरात ठेवून साल सुकते, वजन घटतं, साखर मात्र वाढत नाही. म्हणून कच्चं तोडायची घाई आम्हालाच महागात पडते. आमच्या बागेतला भगवा वाण (लाल दाण्यांची डाळिंबाची जात) फुलापासून साधारण १८० दिवसांनी तोडणीला येतो. तुमची पेटी आंबे बहराची, म्हणजे फेब्रुवारीच्या फुलांची. ऑगस्टपर्यंत किती दिवस होतात ते तुम्हीच मोजा.

आम्ही रंग बघून तोडत नाही. तयार फळाच्या मुकुटाच्या पाकळ्या आत वळतात, गोल फळाला बाजूंनी धारा येतात, सालीची चकाकी जाते. तळहातात धरून दाबलं तर आत दाणे करकरतात. बाजारात घेतानाही हेच बघत जा, तिथं तर लालीवरच जास्त फसवणूक होते.

आता रंग. जानेवारीची पेटी मृग बहराची होती. ती फळं पावसाळ्यात धरली आणि थंडीत पिकली. दाण्यातला लाल रंग थंड रात्रींत चांगला चढतो, कडक उन्हात कमी तयार होतो. आंबे बहराचं फळ मात्र आमच्या आटपाडीच्या एप्रिल-मेमध्ये वाढतं. त्या उन्हात नैर्ऋत्येकडची फळं अक्षरशः भाजतात. म्हणून झाडांवर कापड टाकावं लागतं, कुणी जुन्या साड्यासुद्धा टाकतात. सावलीतल्या बाजूची साल मग पिवळसरच राहते. झाड तेच, खत-पाणी तेच, तरी दोन बहरांची फळं एकसारखी दिसत नाहीत. आणि फिकट म्हणजे बेचव असं तर मुळीच नाही. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ साली निवडलेला ‘गणेश’ वाण वर्षानुवर्षं महाराष्ट्रानं आवडीनं खाल्ला. त्याचे दाणे गुलाबीच असायचे, लालभडक दाण्यांची सवय आपल्याला भगव्यानं लावली.

‘लाल होईपर्यंत झाडावर ठेवायचं होतं’ असं तुम्ही सुचवलंय. ठेवलं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. जून-जुलै कोरडा गेला आणि ऑगस्टमध्ये एकदम जोराचा पाऊस पडला, की तयार फळ तडकतं. मुळांकडून पाणी एकदम येतं, दाणे फुगतात, आणि उन्हानं कडक झालेली साल ताणत नाही. सकाळी बागेत जावं तर फळं उभी फाटलेली आणि त्यांवर मुंग्या. जमिनीत बोरॉन, कॅल्शियम कमी असेल तर हे आणखी वाढतं. मुळांना पाणी एकदम मिळू नये म्हणून आम्ही ठिबकनं ते रोज थोडं थोडं देत राहतो. पण आभाळाला ठिबक बसवता येत नाही! बरं, न तडकता झाडावर राहिलेलं फळही दिवस उलटून गेले की आतून तपकिरी पडायला लागतं. बाहेरून साल अशी झकास की फोटो काढावा, आणि फोडलं की दाणे मऊ, चहाच्या रंगाचे. त्या पेटीला तुम्ही एक स्टारही दिला नसता.

सालीवरचे डाग तुमच्या फोटोत स्पष्ट दिसतात. ते फुलकिड्यांनी फळ लहान असताना खरवडल्याचे आहेत. साल खरखरीत होते, दाण्यांपर्यंत काही जात नाही. तेल्या या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाचे डाग वेगळे, काळे आणि तेलकट, त्यांवर साल चिरते. तसलं फळ आम्ही पेटीत घालत नाही.

राहिली ती दोन आंबट फळं. एका झाडावर फुलं एकाच दिवशी येत नाहीत, दोन-तीन टप्प्यांत येतात. उशिराच्या कळीचं फळ आकारानं आधीच्याच्या जोडीला बसतं आणि तोडणाऱ्याच्या हाताखालून कधीतरी निघून जातं. तुमच्या पेटीत तसंच झालं असणार. त्या दोन फळांचे पैसे आज परत पाठवतो, ज्या नंबरवरून ऑर्डर दिली होती त्याच नंबरवर. पूर्ण पेटीचे मात्र देणार नाही, कारण बाकीची फळं गोड होती असं तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

आणि दाणे लालभडकच हवे असतील तर ऑगस्टमध्ये मागवू नका. मृगाचा माल डिसेंबरअखेर निघायला लागेल, तेव्हा मागवा. तोपर्यंत घरात उरलेली फळं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलीत तर साल वाळून फोडायला जड जाईल.