‘कुठेही तंबू ठोका, कुणी विचारत नाही’ या संदेशाला उत्तर

मे महिना लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. मेमोरियल डेची सुट्टी जवळ आलेली असते, नेहमीची कॅम्पग्राउंड भरलेली असतात आणि कुणीतरी तो पुढे ढकलतं. मजकूर साधारण असा: ‘कॅम्पग्राउंडला पैसे कशाला घालता? स्टेट फॉरेस्टमध्ये प्रिमिटिव्ह कॅम्पिंग फुकट असतं. परवाना नको, बुकिंग नको. जागा आवडली की तंबू ठोका. लाकडं घरून न्या, पाणी ओढ्याचं प्या. अस्वलं लाजाळू असतात. बाकी सगळं फोनवर दिसतं.’

मला हे रानातलं राहणं मनापासून आवडतं. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याची पेटी नाही. ‘प्रिमिटिव्ह’चा अर्थ एवढाच. आपली आणखी कुटुंबं तिकडे जावीत असं मला वाटतं, म्हणूनच हा संदेश खोडून काढायला बसलो आहे.

‘फुकट, परवाना नको.’ कुठल्या राज्यात, ते संदेशात लिहिलेलंच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. न्यूयॉर्क राज्याच्या स्टेट फॉरेस्टमध्ये हे बऱ्याच अंशी खरं आहे. एका जागी तीन रात्रींपर्यंत आणि दहापेक्षा कमी माणसं असतील, तर तिथे परवाना लागत नाही, पैसेही नाहीत. पण हा संदेश ज्यांच्या फोनवर येतो ते बहुतेक लोक राहतात न्यू जर्सीत, आणि न्यू जर्सीत स्टेट फॉरेस्टमध्ये आखून दिलेल्या जागांवरच राहता येतं. व्हॉर्टन स्टेट फॉरेस्ट घ्या. तिथे प्रिमिटिव्ह जागा आहेत, काही तर अशा की फक्त चालत किंवा कनू या छोट्या होडीनेच पोचता येतं. पण त्या आधी आरक्षित कराव्या लागतात आणि शुल्क भरावं लागतं. दोन राज्यांत तासा-दोन तासांचं अंतर, पण नियम अगदी वेगळे. तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठल्या राज्यात?’ आणि दुसरा ‘जमीन कुठल्या प्रकारची?’ स्टेट फॉरेस्ट, स्टेट पार्क आणि न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरांतलं फॉरेस्ट प्रिझर्व्ह म्हणजे राखीव रान, यांना आपण सरसकट ‘जंगल’ म्हणतो, पण त्यांचे नियम एक नाहीत. न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कात स्टेट फॉरेस्टसारखा कुठेही मुक्काम करता येत नाही.

दहा माणसांची अट आपल्याला विशेष लागू आहे, कारण आपण चार-पाच कुटुंबं मिळून निघतो. चार घरं म्हटली तरी मुलं धरून सोळा डोकी होतात. न्यूयॉर्कमध्ये दहा किंवा जास्त माणसांसाठी फॉरेस्ट रेंजरकडून परवाना घ्यावा लागतो, आणि तो निघायच्या आदल्या रात्री मागायची गोष्ट नाही. गट फोडून शेजारी शेजारी दोन तळ टाकायचे ही पळवाटही कुणी सुचवू नये. सोळा माणसांची पावलं, चूल आणि आवाज रानाला तेवढाच सोसावा लागतो.

‘जागा आवडली की तंबू ठोका.’ आपल्याला आवडते ती जागा बहुतेक वेळा ओढ्याकाठी असते, आणि नेमकी तीच चालत नाही. रस्ता, पायवाट, झरा, ओढा, तळं यांपैकी कशाहीपासून १५० फुटांच्या आत तंबू लावायला न्यूयॉर्कमध्ये मनाई आहे. अपवाद फक्त ‘कॅम्प हिअर’ लिहिलेली पिवळी चकती लावलेल्या जागांचा. १५० फूट म्हणजे मोठ्या माणसाची साठेक पावलं. ही साठ पावलं उजेडात मोजायची असतात. आम्ही एकदा अंधार पडल्यावर पोचलो होतो, अंदाजाने तंबू लावला, आणि सकाळी पाहतो तर पायवाट हाताच्या अंतरावर. चूक आमची होती. तेव्हापासून सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं, हे मी ठरवूनच टाकलं आहे.

या रानांची एक गोष्ट मात्र संदेश पाठवणाऱ्यांनी समजून घ्यावी. न्यूयॉर्कची बरीच स्टेट फॉरेस्ट ही एकेकाळची शेतं आहेत. नापीक झालेली, मालकांनी सोडून दिलेली डोंगरउतारावरची जमीन राज्याने १९२९ च्या कायद्यानंतर विकत घेतली. मग १९३० च्या दशकातल्या महामंदीत सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी तिथे झाडं लावली. म्हणून शेनँगो किंवा मॅडिसन काउंटीतल्या रानात चालताना मध्येच दगडी बांध लागतात, एखाद्या घराचा पाया आणि तळघराचा खड्डा लागतो, आणि स्प्रूस, पाइन शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे दिसतात. आपल्याकडे ओसाड गावठाणात जोती दिसतात, तसंच वाटतं ते. त्या रांगांखालची सपाट, मऊ जमीन तंबूसाठी फार मोह पाडते. पण स्प्रूसची मुळं उथळ असतात आणि ती झाडं आता म्हातारी झाली आहेत. तंबू लावण्याआधी मान वर करून पाहा. वाळलेलं खोड, अडकून लटकलेली फांदी, कललेलं झाड दिसलं तर जागा सोडा, कितीही आवडली असली तरी.

‘लाकडं घरून न्या.’ संदेशातलं हे सगळ्यांत घातक वाक्य. न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या राज्यातून उष्णतेची प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड आणायला बंदी आहे. राज्यातल्या राज्यातही असं लाकूड ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. कारण लाकडाच्या सालीखालून किडे प्रवास करतात. अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगेरा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. २००९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये होता, २०१४ मध्ये न्यू जर्सीत. हा किडा स्वतःहून इतक्या लवकर इतका लांब उडत नाही. जळाऊ लाकडाच्या मोळ्यांनी त्याला पोचवलं. आपल्या परसातली चार ओंडकी गाडीत टाकताना एवढं लक्षात असू द्या. न्यूयॉर्कच्या रानात पडलेलं, वाळलेलं लाकूड वापरायला परवानगी आहे; उभं झाड, वाळलेलं असलं तरी, तोडायला नाही.

आणि शेकोटी पेटवायचीच का, हा प्रश्न त्याआधीचा. सह्याद्रीतला वणवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय वेगळं सांगणार? पण दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्ये, म्हणजे व्हॉर्टन ज्या पाइनच्या रानात आहे तिथे, तर पायाखाली वाळू, वर सुयांचा थर आणि भोवती राळेने भरलेले पाइन. २०२२ च्या जूनमध्ये व्हॉर्टनमध्ये मलिका नदीजवळ लागलेल्या आगीत सुमारे १३,५०० एकर जंगल जळालं, आणि ती माणसाच्या हातूनच लागली असं तपासाअंती सांगितलं गेलं. २०२४ च्या कोरड्या शरदात न्यू जर्सीत लाकडाच्या नि कोळशाच्या शेकोट्यांवर बंदी आली. त्याच नोव्हेंबरात दोन राज्यांच्या सीमेवरची आग विझवताना एक अठरा वर्षांचा कर्मचारी झाड अंगावर पडून गेला. अठरा वर्षांचा. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी त्या राज्याचे आगीचे निर्बंध पाहायचेच, आणि जेवण गॅसच्या छोट्या शेगडीवर करायचं. शेकोटी केलीच, तर विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि उपडा हात राखेजवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर ती विझलेली नाही.

‘पाणी ओढ्याचं प्या.’ उकळून किंवा चांगल्या फिल्टरमधून काढून प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी असू शकतो, आणि त्याने बिघडलेलं पोट कित्येक आठवडे त्रास देतं. पाइन बॅरन्सचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, तो दोष नाही. वनस्पतींतलं टॅनिन आणि लोह यांनी तो रंग येतो. शौचाला खुरपं न्या: पाण्यापासून १५० फूट दूर, ६ ते ८ इंच खोल खड्डा, नंतर मातीने बुजवलेला.

‘अस्वलं लाजाळू असतात.’ एरवी असतात. पण २०१४ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्याच वेस्ट मिलफर्डजवळ पाच तरुण फिरायला गेले होते. अस्वल मागे लागल्यावर ते वेगवेगळ्या दिशांना पळाले, आणि त्यांतला एक परत आला नाही. अशी घटना फार क्वचित घडते, पण ‘घाबरू नका’ एवढं सांगून थांबणं बेजबाबदारपणाचं आहे. पळायचं नाही, एकत्र राहायचं, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचं, हे मुलांना घरीच शिकवा. आणि आपल्या डब्यांचं काय? मसाल्याचा वास, तुपाचा वास, मुलांच्या खिशातली चिक्की, टूथपेस्टसुद्धा. यातलं काहीही तंबूत नको. सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून लांब. स्वयंपाकही तंबूपासून दूर.

मे महिन्याबद्दल संदेश ज्या दोन गोष्टी सांगत नाही त्याही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये मेभर दुपारी बारापर्यंत टर्कीची शिकार चालते आणि बहुतेक स्टेट फॉरेस्ट शिकारीला खुली असतात. मुलांच्या अंगात भडक नारिंगी जाकीट असू द्या. लाल, निळा, पांढरा हे टर्कीचे रंग टाळा. दुसरं, लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्लं याच दिवसांत असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत हात फिरवून बघायचं.

राहता राहिला फोन. दऱ्यांमध्ये रेंज नसते. नकाशा आधी उतरवून ठेवला तर जीपीएस रेंजशिवायही चालतं, पण बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून कागदी नकाशा बरोबर हवाच. आणि घरी थांबणाऱ्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी द्या: कुठलं जंगल, गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर, बरोबर कोण कोण, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेंजरना कळवायचं. रेंजरचा नंबर त्याच चिठ्ठीवर लिहा.