शिवडी आणि केन्सल ग्रीन: कबरींची वाटणी कशी करणार?

जुन्या इंग्रजी कबरींचा विषय निघाला की मायदेशी दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. गुलामीच्या या खुणा आपण का सांभाळायच्या, हा पहिला. आणि मुंबईत जिवंतांना जागा नसताना मृतांनी ती का अडवायची, हा दुसरा. लंडनमध्ये राहून, इथल्या केन्सल ग्रीन दफनभूमीत हिंडताना मी या दोन्हींचा विचार करत आलो आहे, आणि पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही.

१८३३ मध्ये सुरू झालेल्या या दफनभूमीत अभियंता ब्रुनेल, गणकयंत्राची कल्पना मांडणारा बॅबेज आणि कोलकात्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे यांच्याबरोबरच १८४६ मध्ये लंडनमध्ये निधन पावलेले द्वारकानाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा, विसावले आहेत. महाराजा रणजितसिंहांच्या पत्नी महाराणी जिंदन कौर १८६३ मध्ये लंडनमध्ये वारल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये दहनाची सोय नव्हती, म्हणून त्यांचा देह काही महिने याच दफनभूमीत ठेवावा लागला. पुढच्या वर्षी पुत्र दलीपसिंह तो घेऊन निघाले. परंतु पंजाबात जाण्याची परवानगी न मिळाल्याने अंत्यसंस्कार आपल्या नाशिकला, गोदावरीच्या काठी झाले. १९९७ मध्ये इथल्या चॅपलची डागडुजी करताना त्यांच्या नावाची संगमरवरी शिळा सापडली. ज्या सत्तेने या बाईचे राज्य आणि मूल दोन्ही हिरावून घेतले, त्याच सत्तेच्या राजधानीत तिची आठवण जपली जाते, याचे मला मोल वाटते.

आता शिवडीकडे पाहू. तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहेत आणि गेटवे ऑफ इंडियाचे स्कॉटिश वास्तुविशारद जॉर्ज विटेटही आहेत. तिथेच, १९३० मध्ये निधन पावलेले, लोकमान्य टिळकांचे वकील आणि होमरूल चळवळीतील सहकारी ‘काका’ जोसेफ बाप्टिस्टा आहेत. मुंबई महापालिकेची इमारत स्टीव्हन्स यांची आणि त्याच महापालिकेचे नेतृत्व पुढे बाप्टिस्टांनी केले. या दोघांपैकी एक परका आणि एक आपला, अशी वाटणी करून शहराचा कोणता इतिहास आपल्या हाती उरेल?

जागेचा आक्षेप मात्र खरा आहे. मुंबईच्या ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या माणसांसाठी जागा हवी आहे आणि ती जुन्या कबरी पुन्हा वापरूनच मिळू शकते, याला माझा विरोध नाही. लंडननेही २००७ च्या कायद्याने स्थानिक पालिकांना ७५ वर्षांहून जुन्या कबरी पुन्हा वापरण्याची मुभा दिली, परंतु त्याआधी जाहीर सूचना देणे बंधनकारक केले आणि वारसांनी हरकत घेतल्यास पुढची २५ वर्षे त्या कबरीला हात लावता येत नाही. अर्थात इथेही सारे आलबेल नाही. केन्सल ग्रीनमधल्या कित्येक शिळा खचल्या आहेत, आणि स्वयंसेवक लोकांना दफनभूमी दाखवत फिरतात म्हणून तिच्याकडे थोडे लक्ष राहते.

शिवडीसाठी माझी मागणी म्हणूनच मोजकी आहे: कोणतीही कबर उघडण्यापूर्वी तिच्यावरील मजकुराची नोंद आणि छायाचित्र घेतले जावे, ती नोंदवही मराठीत सर्वांना पाहता यावी, आणि बाप्टिस्टांची कबर कुठे आहे, हे शाळेच्या मुलांनाही सापडेल असा एक फलक प्रवेशद्वारापाशी लावला जावा.