‘आठ दिवसांत पक्षी हातावर’: चार चुकीच्या सल्ल्यांना उत्तर

‘आठ दिवसांत पक्षी हातावर’ अशा मथळ्याचा एक मजकूर कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या व्हॉट्सॲप गटांवर वरचेवर फिरत असतो. पिल्लू पिसे फुटण्याआधीच आणून दूध-चपातीवर वाढवावे, आणल्या दिवशी पंख कापावेत, दोन दिवस उपाशी ठेवून मग हातावर दाणा द्यावा आणि जोडी कधीही आणू नये, असे त्याचे सांगणे आहे. घरात बरीच वर्षे बजी (बजरीगार हे छोटे, रंगीत पोपट) असल्यामुळे शिवाजी पेठेतले ओळखीचे लोक हा मजकूर मलाच आणून दाखवतात, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

बजीचे पिल्लू साधारण पाच आठवड्यांनी घरट्याबाहेर येते आणि त्यानंतरही दाणा सोलून खायला शिकण्यात त्याचे काही दिवस जातात. त्याआधी उचललेल्या पिल्लाला भरवणे हे जाणत्याचे काम आहे. घास जास्त गरम असला तर गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी भाजते, घाईने भरवला तर तो श्वासनलिकेत जातो, आणि दुधातली साखर पक्ष्यांना पचत नसल्यामुळे दूध-चपातीने हगवण लागते. सहा ते बारा आठवड्यांचा, स्वतः खाणारा पक्षी आणला तरी तो उत्तम माणसाळतो. या वयाच्या बहुतेक बजींच्या कपाळावरचे बारीक काळे पट्टे थेट चोचीपर्यंत आलेले दिसतात आणि तीन-चार महिन्यांच्या सुमारास पिसे झडली की ते मागे सरतात. (दुकानात बजीलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि बजी ऑस्ट्रेलियातला.) पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेला, श्वासागणिक शेपटी हलवणारा किंवा शेपटीखाली घाण चिकटलेला पक्षी आणू नये, ‘शांत आहे, लवकर माणसाळेल’ म्हणून जो गळ्यात मारला जातो, तो बहुधा असाच आजारी असतो.

मजकुरासोबत चित्र मात्र हिरव्या देशी पोपटाच्या पिल्लाचे आहे. हा पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा त्याला माणसाळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

पंख कापल्याने पक्षी पळू शकत नाही, एवढेच होते. त्याची भीती तशीच राहते, उलट धडपडून छातीवर आपटल्यामुळे ती वाढते, आणि पुढच्या पीसगळीनंतर नवी पिसे आली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सर्वांत घातक सल्ला उपासाचा आहे. बजीचे सारे वजन तीस ते चाळीस ग्रॅम, आणि एवढ्याशा देहात साठा तो कितीसा असणार? दोन दिवस दाण्यावाचून राहिलेला पक्षी मरू शकतो. जो जगतो तो हातावर येतो ते त्राण उरले नाही म्हणून, आणि पोट भरताच पुन्हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातो. या सल्ल्यात तथ्याचा एक कण आहे, तो असा की खाऊच्या लोभाने पक्षी जवळ येतो. पण त्यासाठी रोजचे खाणे तोडावे लागत नाही, आवडता खाऊ तेवढा हातासाठी राखून ठेवावा लागतो. आमच्या घरी तो मान राळ्याच्या कणसाचा आहे, कारण वाटीतल्या सुट्या दाण्यांपेक्षा कणसातला दाणा ओढून काढण्यात बजीला अधिक रस असतो. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात हात घालायचा तो फक्त दाणापाणी बदलण्यासाठी. बाकी वेळ जवळ बसून हळू बोलायचे. त्यानंतर कणीस लांब धरून हात स्थिर ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी बोटे थोडी पुढे सरकवायची. पक्ष्याने अंग चोरून पिसे घट्ट केली आणि मान ताणली, की हात तिथेच थांबवून मागे घ्यायचा. आमच्या निळ्या बजीने एकोणिसाव्या दिवशी एक पाय माझ्या बोटावर आणि दुसरा दांडीवर ठेवून अर्धे कणीस फस्त केले. दुसरा पाय उचलायला त्याला आणखी चार दिवस लागले.

राहिली जोडी. एकटा पक्षी माणसाला लवकर चिकटतो हे खरे आहे. पण बजी थव्याने राहणारा जीव आहे, आणि ज्या घरातली सगळी माणसे सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परततात तिथे त्याला दिवसभर एकटे ठेवणे योग्य नव्हे. दुसरा पक्षी आणायचा असेल तर तो महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, म्हणजे आजार असला तर तिथेच कळतो. आमच्याकडची दुसरी, पिवळी मादी, पहिल्याला माझ्या हातावर खाताना बघत राहिली आणि एकत्र ठेवल्यापासून नवव्या दिवशी त्याला बाजूला ढकलून स्वतःच कणसावर येऊन बसली.