वाढपिणीचा मास्क

योकोहामात राहणाऱ्या माझ्या भाचीने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आपल्या पहिलीतल्या मुलीचा फोटो टाकला: पांढरा डगला, केस झाकणारी पांढरी टोपी, नाकातोंडावर मास्क आणि हातात डाव. गोव्यातल्या साखळी गावाहून दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, तासाभरात एक संदेश पुढे ढकलला. मास्कमुळे मुलांचा प्राणवायू तुटतो हे शास्त्राने सिद्ध झाले आहे, मास्कची छिद्रे विषाणूहून मोठी असल्याने त्याचा उपयोग शून्य, मास्कमध्ये वाढलेली मुले बोलायला शिकत नाहीत आणि परदेशातली सरकारे हे सक्तीने करून घेतात, असा त्याचा मजकूर होता. खाली दादांची स्वतःची ओळ होती: ‘पोरीचा जीव कोंडतोय, तिला मोकळी करा.’ भाचीने उत्तर दिले नाही आणि त्या रविवारी तिचा फोनही आला नाही. हाच संदेश अनेक घरांत फिरत असल्याने दादांना जे सांगितले ते इथे लिहीत आहे.

पहिले दोन दावे एकाच दमात करता येत नाहीत. प्राणवायूचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो आणि करोनाचा विषाणू सुमारे शंभर नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या कित्येक पट मोठा असतो; तेव्हा जे कापड विषाणूला अडवू शकत नाही ते प्राणवायूला अडवते, हे म्हणणे ज्या जाळ्यातून बांगडा निसटतो त्यात जवळा अडकतो म्हणण्यासारखे आहे. ‘शास्त्राने सिद्ध झाले’ यामागे बहुधा जून 2021 मध्ये ‘जामा पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला एक लेख असावा, ज्यात मास्कखालच्या मुलांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीवर गेल्याचे म्हटले होते. मोजमापाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप आल्यावर पुढच्याच महिन्यात त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. लेख मागे गेला, पण संदेश फिरतच राहिला.

छिद्रांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मास्क म्हणजे चाळण ही समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे. विषाणू सुटा उडत नाही. तो बोलताना, खोकताना उडणाऱ्या थेंबांतून आणि सूक्ष्म कणांतून जातो. चांगल्या मास्कमध्ये तंतूंचे आडवेतिडवे थर असतात आणि त्यांवर विद्युतभार असतो. अगदी बारीक कण हवेत सरळ न जाता भरकटत राहतात, तंतूंवर आदळतात आणि तिथेच चिकटतात. एन-95 मास्कची कसोटी सुमारे 0.3 मायक्रॉनच्या (300 नॅनोमीटरच्या) कणांवर लावतात, कारण धरायला सर्वांत कठीण तेच; त्याहून लहान कण उलट धरायला सोपे जातात. खाणीचे ट्रक आमच्या दारावरून जात त्या काळात आई नाकाला ओला पंचा बांधून अंगण झाडायची आणि झाडून झाल्यावर पंचा तांबडा झालेला असायचा. पंचा म्हणजे एन-95 नव्हे, हे मान्य. पण काहीच अडत नाही असे म्हणणाऱ्या दादांनीच तो पंचा कितीदा धुतला आहे. बांगलादेशात 600 गावांत तीन लाखांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत, जिथे सर्जिकल मास्क वाटून त्यांचा प्रसार केला त्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे 11 टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा डोंगराएवढा नाही, पण शून्यही नाही.

बोलण्याच्या मुद्द्यात मात्र दादांच्या काळजीला आधार आहे, आणि तो मी नाकारत नाही. तान्ही मुले ओठांकडे पाहत बोली उचलतात. म्हणूनच पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट 2020 मध्येच सांगितले होते, आपल्या केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचेही 2021 मधले म्हणणे तेच होते आणि दोन वर्षांखालील मुलांना मास्क लावणे धोक्याचे आहे, असा इशारा जपानच्या बालरोगतज्ज्ञांनी मे 2020 मध्ये दिला होता. फोटोतली आमची नात तेव्हा दीड वर्षाची होती. तिने मास्क लावला नव्हता. पाळणाघरातल्या बाईंचे तोंड मात्र तिने तीन वर्षे जवळजवळ पाहिलेच नाही आणि ते नुकसान भाचीही कबूल करते. पण घरी आईबापांची तोंडे उघडी होती. आज ती जपानी बोलते आणि मराठीत आजोबांशी भांडते.

राहिली सक्ती. जपानने 13 मार्च 2023 पासून मास्क ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला आणि 1 एप्रिलपासून शाळांतही तो मागायचा नाही असे ठरले. फोटोतला मास्क साथीचा नाहीच. तिथल्या प्राथमिक शाळांत मुले पाळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात. वाढताना अन्नात केस किंवा थुंकी पडू नये म्हणून डगला, टोपी आणि मास्क घालायचा, ही करोनाच्या आधीपासूनची रीत आहे. चवथीला नैवेद्याच्या टोपावर वाकून बोललो की आजी आम्हाला हटकायची, ते याच कारणाने. आणि सर्वांत जास्त बोलणी खायचे ते दादाच. वाढून झाले की मुले मास्क काढतात आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसतात.

फोटो तर शाळेतलाही नाही. पाळीचा आठवडा संपला की तो डगला शुक्रवारी धुऊन इस्त्री करायला घरी येतो, आणि पोरीने तो आईला दाखवायला चढवला होता. दादांनी फोटो मोठा करून पाहिला असता तर डाव रिकाम्या पातेल्यावर धरलेला आणि मागे इस्त्रीचे टेबल दिसले असते.